ब्ल्यू बेमधील आमची वाटचाल

मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर, माहेबूर्गजवळच्या ब्ल्यू बेमध्ये, आमची छोटी पेढी पर्यटकांना काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ दाखवते. पहिली होडी आमच्या क्रेओल (आफ्रिकी वंशाच्या मॉरिशसवासी) भागीदाराने स्वतः बांधली. काचेभोवतीची रबरी पट्टी जराशी जरी सुटलेली दिसली, तरी गिऱ्हाईक धक्क्यावर उभे असतानाही तो फेरी रद्द करीत असे, आणि आम्ही मुकाट्याने पैसे परत करीत असू.

युरोपने 2006 पासून साखरेचा भाव 36 टक्क्यांनी उतरवला, तेव्हा ऊसमळ्यांच्या मालकांना बंगल्यांचे पीक अधिक किफायतशीर वाटू लागले. 2002 च्या रिसॉर्ट योजनेनुसार किमान 5 लाख डॉलरचे घर घेणाऱ्या परदेशी माणसाला येथे राहण्याचा परवानाही मिळत होता. भांडवल आले, रस्ते झाले, आमच्या मुलांना नोकऱ्या मिळाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु शेजारच्या परदेशी मालकीच्या हॉटेलाने राहणे, जेवण आणि समुद्रसफर एकाच दरात बांधून दिली, आणि पाहुणा विमानतळावरूनच त्यांच्या गाडीत बसू लागला. आमच्या होडीत बसवायचे तर त्यांचा सहल-विभाग दराचा तिसरा हिस्सा दलाली म्हणून कापून घेई; उरलेले पैसे कधी मिळतील, ते त्यांच्या मर्जीवर.

त्यातच मार्च 2020 मध्ये कोविडच्या साथीमुळे देशाच्या सीमा बंद झाल्या. 25 जुलैला ‘वाकाशिओ’ हे जहाज आमच्या जवळच्याच पॉइंत द'एस्नीच्या प्रवाळभिंतीवर चढले आणि 6 ऑगस्टपासून सुमारे हजार टन तेल समुद्रात गेले. ज्या उसासाठी आमचे पूर्वज कोकणातून येथे आले, त्याचेच पाचट कापडी पिशव्यांत भरून आम्ही तेल अडवण्यासाठी तरंगते बांध शिवले. प्रवाहाने तेल उत्तरेकडे नेल्यामुळे ब्ल्यू बेचे प्रवाळ बरेचसे वाचले, पण ते पाहायला कोणीही येणार नव्हते. सरकारच्या वेतन-साहाय्यावर नावाडी तगले. पेढी तगली ती शेजारच्या रेयूनियन या फ्रेंच बेटावरच्या एका निवृत्त शिक्षिकेमुळे, जिने पुढच्या सहलींचे पैसे न मागता आगाऊ पाठवले.

ऑक्टोबर 2021 मध्ये सीमा पूर्ण उघडल्या. या धंद्यात उतरणाऱ्या तरुणांनी इंजिन रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवावे, नांगर प्रवाळावर न टाकता होड्या बांधण्यासाठी ठेवलेल्या तरंगत्या बोयालाच दोर लावावा, आणि कोणत्याही एका हॉटेलाकडे अर्ध्याहून अधिक फेऱ्या गहाण ठेवू नयेत. त्या शेजारच्या हॉटेलाकडे टाळेबंदीपूर्वीच्या फेऱ्यांची आमची बाकी अजून थकलेली आहे.