प्री-बिडला हवालदार बोलले तो दिवस

मी पोलीस खात्याच्या एका ऑफिसात खरेदी शाखेत आहे, निविदा, टिपणी, बिलं हेच काम. 1 जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि ट्रेनिंगच्या फायली धडाधड यायला लागल्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करावंच लागतं, साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली डिजिटल पुराव्याला सर्टिफिकेट लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा, भरायची, आणि हे सगळं शेवटी येतं ठाण्यातल्या अंमलदारावर.

आमची ट्रेनिंगची निविदा मात्र जुनीच, तारखा बदलून काढलेली. टर्नओव्हर एवढा, तास एवढे, हजेरीपट जोडा, बिल घ्या, आणि ज्याचा दर कमी त्याला काम. खुर्च्या-टेबलं घेतो तशीच. मला हे कायम खटकायचं.

यावेळी मॅडमनी प्री-बिड मीटिंगला, म्हणजे बोली भरण्याआधी कंपन्यांच्या शंका ऐकायच्या बैठकीला, ठाण्यातले एक हवालदार बोलावले. कंपनीवाल्यांचं नेहमीचं चालू होतं, ईएमडीत, म्हणजे बोलीसोबतच्या अनामत रकमेत, सूट द्या, टर्नओव्हरची अट खाली आणा वगैरे, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "हवालदार, तुम्ही बोला."

ते उभे राहिले. "साहेब, रात्री दोनला दुकान फुटलंय, सीसीटीव्हीचं फुटेज डीव्हीआरच्या डब्यात, मालकाला पासवर्ड माहीत नाही. ते काढायचं कसं? हॅश कशात काढायचा? सर्टिफिकेटचा पार्ट ए मालकाकडून भरून घ्यायचा तर तो कोर्टाच्या भीतीने सही करत नाही, आणि पार्ट बी साठी एक्स्पर्ट कुठून आणू? हे शिकवणार असाल तर डीव्हीआर घेऊन येणार का?"

एकजण म्हणाला पीपीटीत सगळं कव्हर आहे. मागे बसलेल्या एका ट्रेनरने मात्र वही काढली आणि विचारलं, कुठल्या मेकचे डीव्हीआर जास्त येतात तुमच्याकडे?

त्या दिवशी माझ्या डोक्यात लख्ख झालं की स्कोप ऑफ वर्क, म्हणजे नेमकं काय काम हवं ते, आम्ही टेबलावर बसून लिहूच शकत नाही. शुद्धिपत्रकाने भागणारं नव्हतं, मूल्यांकनाची पद्धतच बदलायची होती, म्हणून निविदा रद्द करून नव्याने काढली. लेखा शाखेने लगेच शेरा मारला, एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दरवाला, सोडून गुणांकन कशाला, ऑडिट पॅरा, म्हणजे लेखापरीक्षणाचा आक्षेप, पडेल. मी टिपणीत लिहिलं की केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये सल्लागार नसलेल्या सेवांनाही ठरावीक अटींवर गुणवत्तेला 30 टक्क्यांपर्यंत वजन द्यायची मुभा दिलीय, मग माणसाच्या अटकेपर्यंत आणि सुटकेपर्यंत जाणाऱ्या कामात आपण फक्त दरच का बघतोय? दोनदा फाईल परत आली, तिसऱ्यांदा सही झाली.

आता बिडमध्ये ज्या ट्रेनरचं नाव त्यानेच यायचं, बदली माणूस चालणार नाही. टेक्निकल मूल्यांकनात डेमो क्लास, तोही अंमलदारांसमोर, आणि मार्क देणाऱ्यांत ठाण्यातला माणूस. बिलाचा मोठा हिस्सा हजेरीवर नाही तर प्रत्यक्ष परीक्षेवर, म्हणजे समोर डीव्हीआर ठेवायचा, फुटेज काढून हॅशसकट कागद तयार करून दाखवायचा. नापास झालेल्यांना कंपनीनेच परत शिकवायचं, जादा पैसे नाहीत.

तीन महिन्यांनी पुन्हा परीक्षा घ्यायची अट लेखा शाखेने काढून टाकली, त्या वेळेपर्यंत बिल अडकवता येत नाही म्हणून. पुढच्या वेळी त्यासाठी परफॉर्मन्स गॅरंटीची, म्हणजे काम नीट करण्यासाठी कंपनी देते त्या हमीची, मुदत वाढवून मागणार आहे, टिपणी तयार आहे.