जागा राहतो, हे लिहून कोण देणार?

छातीच्या डॉक्टरांचं पहिलं पत्र अजून माझ्या पाकिटात आहे, घडीवर फाटलेलं. इंग्रजीत दोन ओळी: पेशंट सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवतं ते) नियमित वापरतो, तक्रारी कमी झाल्या आहेत. झोपेत श्वास अडकण्याच्या आजारामुळे मला गाडीवरून उतरवलं होतं, आणि एवढ्यावर गाडी परत हातात येणार असं धरून मी पेढे घेऊन यार्डात गेलो होतो. पेढे वॉचमनने खाल्ले. गाडी काही मिळाली नाही.

मी गॅसचा टँकर चालवतो. उरणला भरायचा, बोरघाट चढून सोलापूरच्या बाजूला खाली करायचा. १८ टन माल. स्टेअरिंगवर २२ वर्षं झाली, त्यातली ९ हॅझार्डसवर, म्हणजे धोकादायक मालाच्या गाडीवर. गाडीला साधा ओरखडा नाही, हे मी पुढे ज्याला त्याला सांगत फिरलो. कुणी ते कागदावर घेतलं नाही.

सुरुवात झाली ट्रान्सपोर्टरच्या वार्षिक मेडिकलला. दरवर्षी डोळे, बीपी, साखर, झालं. गेल्या जूनमध्ये नवे डॉक्टर आले आणि त्यांनी ८ प्रश्नांचा एक कागद पुढे केला. वाचत बसलात तर पेंग येते का, टीव्हीसमोर येते का, दुपारी जेवून बसल्यावर येते का. प्रत्येकाला ० ते ३ मार्क, बेरीज १० च्या वर गेली की झोपेचं काहीतरी बिघडलंय असं धरतात. शेवटचा प्रश्न होता, सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली असताना डोळा लागतो का. ड्रायव्हरला पोटावर पाय देऊन खरं बोल म्हणण्यातला प्रकार. मी आठही ठिकाणी शून्य टाकलं.

डॉक्टर हसले. टेप काढून गळ्याभोवती लावली. १७ इंच. "घोरता का?" म्हणाले. मी म्हटलं, "मला झोपेत काय कळणार?" "मग घरी फोन लावा." लावला, स्पीकरवर. घरातली म्हणाली, "घोरतात? अहो डॉक्टर, अख्ख्या चाळीला माहीत आहे. आणि घोरता घोरता मधेच बंद पडतात. मग मी हलवते." डॉक्टरांचं पेन थांबलं, आणि त्याच दिवशी माझी गाडीही थांबली.

आठवडाभर मी तिच्याशी नीट बोललो नाही. आता लाज वाटते, कारण ती खरं बोलली होती आणि मी खोटं लिहिलं होतं. टेंभुर्णीच्या अलीकडे एकदा पहाटे क्लीनर पोरगा "उस्ताद!" म्हणून ओरडला होता, तेव्हा माझे डोळे उघडे होते पण मी तिथे नव्हतो. साठच्या वेगाला चार सेकंदांत गाडी जवळजवळ ६७ मीटर पुढे जाते. हे गणित मी नंतर केलं. तेव्हा फक्त तंबाखू जास्त लावला.

झोपेची तपासणी, मशीन, मास्क यात सांगण्यासारखं फार नाही. रात्रभर डोक्याला, छातीला, पायाला वायरी लावून निजवतात. सकाळी रिपोर्टात एएचआय ४१ आला, म्हणजे दर तासाला सरासरी ४१ वेळा श्वास अडकला किंवा उथळ झाला. ३० च्या वर तीव्र. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन खाली जातो, मेंदू दचकून जागा होतो, आपल्याला पत्ता नसतो. रात्री तीन-चारदा लघवीला उठणं, सकाळी डोकं जड, गोळी घेऊनही बीपी हलत नाही, हे सगळं मी वय झालं म्हणून सोडून दिलं होतं. तपासणीचे ९,००० आणि मशीनचे ४२,००० गेले. पहिला आठवडा मास्कमध्ये जीव घुसमटला. दहाव्या दिवशी एकदाही न उठता सरळ उजाडलं, आणि मी बराच वेळ खिडकीत नुसता बसून राहिलो. इतकं हलकं डोकं शेवटचं कधी होतं ते आठवेना.

इथवर पंचवीस दिवस गेले. नियमित वापर दिसावा म्हणून महिना मोजतात, रात्री किमान ४ तास, दहापैकी सात रात्री तरी. मशीनमधलं कार्ड सगळं लिहून ठेवतं, तिथे थाप चालत नाही. माझा वापर रोज साडेसहा तास होता. मशीनवरचा एएचआय ३ च्या आत.

आणि इथून पुढे मी अडकलो.

पेढ्यांच्या दिवशी सेफ्टी ऑफिसरने पत्र वाचून परत दिलं. "यात फिट असं कुठे लिहिलंय?" मी परत छातीच्या डॉक्टरांकडे. दीड तास रांग, फीचे ८००. ते म्हणाले, "मी श्वासाचा उपचार करतो. टँकर चालवायला फिट आहात हे मी कशावरून लिहू? ते तुमच्या कंपनीच्या डॉक्टरांचं काम." गयावया केल्यावर दुसरं पत्र दिलं: नेहमीचं काम करण्यास हरकत नाही. यार्डात आलो. "नेहमीचं काम म्हणजे काय? हॅझार्डसचा उल्लेख पाहिजे." कंपनीच्या डॉक्टरांकडे गेलो, ज्यांनी गाडीवरून उतरवलं त्यांच्याकडेच. ते म्हणाले, "स्पेशालिस्टने स्पष्ट लिहिल्याशिवाय मी सही करणार नाही, उद्या काही झालं तर माझ्या गळ्यात." स्पेशालिस्ट म्हणतो ते लिहितील, ते म्हणतात स्पेशालिस्ट लिहील. मधे मी, हातात फाईल, खिशात रिक्षाचे पैसे.

या काळात मला यार्डात बसवून ठेवलं होतं. पगार बेसिक, खेपेचा भत्ता बंद. आमच्या धंद्यात घर भत्त्यावर चालतं हे ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको. दुसऱ्यांच्या गाड्यांचे टायर मोजायचे, टाळकं फिरवून घ्यायचं. पोरं विचारायची, "उस्ताद, तुम्हाला झोपेचा आजार झालाय म्हणे?" जणू मी झोपा काढून पगार घेतोय.

कुणीतरी म्हणालं आरटीओत विचार. गेलो. खिडकीवरच्या माणसाने लायसन बघितलं. "व्हॅलिड आहे की. आमचं काय काम?" बोलला ते खरंच होतं. हॅझार्डसचं लायसन ३ वर्षांचं असतं, माझं संपायला पाच महिने होते. मग कुणी म्हणालं सरकारी दवाखान्यात मेडिकल बोर्ड असतं. तिथे विचारलं, "सरकारी नोकर आहात का?" नाही. "मग कुणी पाठवलं?" कुणीच नाही. "मग कशावर देऊ?"

एका रात्री झोप येईना (मास्क लावून, चांगला जागा) तेव्हा मोबाईलवर फॉर्म १ए काढून शब्द न शब्द वाचला. लायसनसाठी डॉक्टरने भरायचा मेडिकलचा फॉर्म तो. दृष्टिदोष आहे का, लाल-हिरवा ओळखतो का, २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचतो का, ऐकू येतं का, रातांधळेपणा आहे का, हातपाय धड आहेत का. झोपेबद्दल अक्षर नाही. आपण स्वतः सही करतो त्या फॉर्म १ मध्ये आकडी, चक्कर, अचानक शुद्ध हरपणे विचारतात आणि शेवटी एक मोघम ओळ, लोकांना धोका होईल असा इतर काही आजार आहे का. म्हणजे मला उतरवणाऱ्या डॉक्टरांनी शहाणपणाने उतरवलं, पण परत चढवायची शिडी कायद्यात कुठे बांधलेलीच नव्हती. राग कुणावर काढायचा तेच कळेना. सेफ्टी ऑफिसरवर मात्र मी काढला. त्याच्या टेबलावर फाईल आपटली. तसं करू नका. त्याने पुढचे आठ दिवस माझा फोन घेतला नाही.

मधेच एक आठवलं, सांगून टाकतो. मशीनचं बिल आणि डब्यावरचा नंबर जपून ठेवा. वापराच्या रिपोर्टावर मशीनचा नंबर येतो आणि माझ्याकडे "हे मशीन तुमचंच कशावरून?" असंही विचारून झालं.

वाट निघाली ती आमच्या यार्डाच्या शेजारच्या कारखान्यात. तिथे आठवड्यातून दोनदा एक म्हातारे डॉक्टर येतात, एएफआयएच केलेले. कारखान्यातल्या कामगारांच्या आरोग्याचा तो वेगळा अभ्यासक्रम असतो, मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेतही शिकवतात. त्यांनी फाईल चाळली आणि म्हणाले, "तू पत्र मागत फिरतोस हे चुकतंय. पत्रात मत असतं, मताला सगळे घाबरतात. चाचणी माग. आणि डॉक्टरला तुझं काम काय ते माहीतच नाही, ते आधी लिहून ने."

मग मी पोरीकडून एका पानावर टाईप करून घेतलं: गाडीचा प्रकार, १८ टन एलपीजी, रात्रीचं चालवणं किती, घाट कुठला, सलग किती तास, मुक्काम कुठे. ८ तासांचा दिवस आणि ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती १९६१ च्या कायद्यानेच ठरवून दिली होती. मी खरे तास लिहिले. ट्रान्सपोर्टरचा शिक्का मागितला तर मॅनेजरने तास कमी करून शिक्का मारला. असो. ते पान बघून छातीचे डॉक्टर पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले. "हे महिन्यापूर्वी का नाही आणलंत?" म्हणाले. मला सांगायचं होतं की तुम्ही कधी विचारलंत, पण फाईल आपटण्याचा धडा ताजा होता.

चाचणीचं नाव एमडब्ल्यूटी, जागं राहण्याची परीक्षा. झोपेची तपासणी करणाऱ्या तीन लॅबनी नाव ऐकून "आमच्याकडे नाही" म्हणून फोन ठेवला, चौथ्यात झाली. आदल्या रात्री आपल्याच मशीनवर तिथे झोपायचं. दुसऱ्या दिवशी अंधुक उजेडाच्या खोलीत डोक्याला वायरी लावून पलंगावर टेकून बसवतात आणि सांगतात, ४० मिनिटं जागे राहा. मोबाईल नाही, गाणं गुणगुणायचं नाही, स्वतःला चिमटा काढायचा नाही. माझा चहाही बंद. दोन तासांनी पुन्हा ४० मिनिटं. असं चार वेळा.

बोरघाट पावसात, धुक्यात, समोर बंद पडलेला ट्रेलर, सगळं बघितलंय. पण दुपारची जेवणानंतरची ती तिसरी ४० मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. समोर फिकट भिंत. मी मनातल्या मनात गाडी काढली. पळस्पे फाटा, खोपोली, घाट, लोणावळा, पुण्याची गर्दी, भिगवणला आलो तेव्हा दार उघडून लॅबमधली पोरगी म्हणाली, "झालं काका." चारही वेळा डोळा लागला नव्हता. रिपोर्टात तसं आकड्यांत आलं: ४०, ४०, ४०, ४०. दहावीत मला एवढे मार्क कधी नव्हते.

तो कागद कंपनीच्या डॉक्टरांसमोर ठेवला. त्यांनी पाच मिनिटांत सही केली: सीपॅपचा वापर चालू असेपर्यंत हॅझार्डस मालाची गाडी चालवण्यास योग्य, एका वर्षाने पुन्हा तपासणी. उतरवल्यापासून ७१ वा दिवस. गणपती बसायला चार दिवस होते.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर एमडब्ल्यूटीचं पहिल्याच भेटीत विचारा, आणि गाडीवरून उतरवलं की त्याच दिवशी लेखी मागा, काय आणून दिलं की परत चढवणार. मला कुणी लेखी दिलं नव्हतं म्हणून प्रत्येक वेळी नवा शब्द निघाला. घोरण्याचं मोबाईलवर रेकॉर्डिंग करून ठेवायला घरच्यांना सांगा, डॉक्टर ऐकतात. आणि कागदावर शून्य टाकू नका. माझे आठ शून्य फाईलमध्ये आहेत, दरवेळी नवा डॉक्टर तेच आधी बघतो आणि मग माझ्याकडे.

रस्त्यावर मशीन कसं चालवतो हेही विचारतात. केबिनमध्ये इन्व्हर्टर बसवायचा माझा बेत सेफ्टीवाल्याने उडवून लावला, गॅसच्या गाडीत वायरिंगला हात लावायचा नाही. त्या एका बाबतीत त्याचं बरोबर होतं. मी आता मुक्कामाला प्लग असलेली खोली बघतो, लांब वायरचा बोर्ड सोबत ठेवतो. इंदापूरकडच्या एका ढाब्यावर २०० रुपयांत खोली मिळते, तिथल्या पोराला वाटतं मला ऑक्सिजन लागतो. मशीनच्या डब्यात डिस्टिल्ड पाणी घालतात. क्लीनर एकदा बॅटरीच्या पाण्याचा कॅन घेऊन आला होता, तो परत पाठवला.

लायसनचं नूतनीकरण नोव्हेंबरात झालं. फॉर्म १ए भरणाऱ्या डॉक्टरांनी नंबरप्लेट वाचायला लावली, लाल-हिरवा विचारला, हात वर करायला सांगितले. मी आपणहून फाईल काढली. त्यांनी वरवर बघितली, "चांगलं आहे, मशीन सोडू नका," म्हणाले, "पण याला इथे रकाना नाही."

जूनमध्ये वर्ष भरतं. या वेळी पत्रात नेमका कोणता शब्द पाहिजे, हे मी सेफ्टी ऑफिसरला फेब्रुवारीतच मेसेज करून विचारलंय. दोन निळ्या खुणा आल्या आहेत, उत्तर नाही.