न उघडलेला जुना बेसबॉल कार्ड बॉक्स ऑनलाइन घेताना: माझा अनुभव

जुन्या बेसबॉल कार्डांचा बंद बॉक्स घेण्यातली खरी अडचण अशी की, आत काय आहे याची खात्री उघडल्याशिवाय होत नाही आणि उघडला की ज्या गोष्टीचे पैसे मोजले ती गोष्टच संपते. म्हणून मी कार्डांचा विचार सगळ्यात शेवटी करतो. आधी बघतो तो बॉक्स कुणाकुणाच्या हातातून आला, वेष्टनावर कोणत्या खुणा आहेत आणि पैसे कोणत्या मार्गाने जाणार आहेत. ही सगळी तपासणी टॉप्स या अमेरिकी कार्ड कंपनीच्या १९८० सालच्या वॅक्स बॉक्सच्या, म्हणजे मेणकागदी पाकिटांच्या खोक्याच्या, आधाराने सांगतो. फसवणाऱ्याला खटाटोप परवडेल एवढी किंमत त्याला नक्कीच आहे.

त्या बॉक्समध्ये ३६ पॅक असतात. प्रत्येक पॅकमध्ये १५ कार्डं आणि बबलगमची एक पट्टी. म्हणजे एकूण ५४० कार्डं, आणि त्या सालचा पूर्ण संच ७२६ वेगवेगळ्या कार्डांचा. सगळ्यांची धडपड असते ती ४८२ क्रमांकाच्या कार्डासाठी, म्हणजे बेसबॉलपटू रिकी हेंडरसनच्या रुकी (कारकिर्दीच्या सुरुवातीच्या पहिल्या) कार्डासाठी. हिशेब साधा आहे: संचातली सगळी कार्डं एका बॉक्समध्ये मावतच नाहीत. त्यामुळे कुणीही हात न लावलेल्या अस्सल बॉक्समध्येही हेंडरसन निघेलच असं नाही. ‘हेंडरसन नाही, म्हणजे बॉक्स खोटा’ हा निष्कर्ष चुकीचा, आणि ‘यात हेंडरसन आहेच’ हे विक्रेत्याचं आश्वासन त्याहून वाईट. वॅक्स पॅकच्या आत काय आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने तो उघडलेला असतो.

वॅक्स पॅक म्हणजे मेण लावलेल्या कागदाचं पाकीट. कारखान्यात मागच्या बाजूला घड्या घालून उष्णतेने ते मेणच चिकटवलं जाई. कच्चा दुवा नेमका हाच आहे. ऊब दिली की मेण सुटतं आणि कागद न फाटता उघडतो. चांगली कार्डं काढून त्याच संचातली साधी कार्डं आत घालतात, कागद पुन्हा गरम करून दाबतात, आणि लांबून काहीच कळत नाही. जवळून मात्र कळतं. कारखान्यातली घडी एकदाच पडलेली असते. पुन्हा बंद केलेल्या पॅकवर मूळ घडीच्या शेजारी दुसरी पुसट रेघ दिसते, कारण कागद तंतोतंत त्याच जागी परत बसवणं फार कठीण. इस्त्री फिरवलेल्या जागी मेण पसरून चकचकीत, सपाट डाग पडतो. घडीचं टोक उचललं गेलेलं असेल तर तिथे कागदाचे तंतू वर आलेले दिसतात. मेणाऐवजी गोंद वापरला असेल तर जोड कडक आणि पिवळसर होतो.

पण सुटलेला जोड दिसला की लगेच फसवणूक समजू नये. अमेरिकेतल्या घरांच्या पोटमाळ्यावर उन्हाळ्यात भट्टीसारखं तापतं. चाळीसेक वर्षांत मेण मऊ पडून काही पॅक आपोआप सुटतात. गमची पट्टी ठिसूळ होऊन तिचे तुकडे कागदाला टोचतात, बारीक भोकं पडतात. हे सगळं अस्सल बॉक्समध्येही असतं. मी बघतो ते सारखेपण. एकाच बॉक्समधले ३६ पॅक एकाच हवेत वाढलेले असतात, त्यामुळे त्यांचं जुनेपण साधारण एकसारखं हवं. तीस पॅक मळकट आणि सहा करकरीत, किंवा काही पॅकचा रंग उन्हाने उडालेला आणि बाकीच्यांचा नाही, असं दिसलं तर ते पॅक वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करून एका रिकाम्या बॉक्समध्ये भरलेले असण्याची शक्यता मोठी. रिकामे बॉक्स आणि रिकामी वेष्टनं स्वतंत्रपणे विकली जातात, हे इथे लक्षात घ्यायला हवं. शोभेसाठी घेणारे आहेत तसे याच कामासाठी घेणारेही आहेत.

नव्या माणसाला सगळ्यात जास्त फसवतं ते प्लॅस्टिक. त्या काळातल्या टॉप्सच्या वॅक्स बॉक्सना कारखान्यातून श्रिंक-रॅप (गरम करून घट्ट बसवलेलं पातळ प्लॅस्टिक) नसे. झाकण नुसतं आत खोचलेलं असे. म्हणून जाहिरातीत १९८० टॉप्स बॉक्स ‘फॅक्टरी सील्ड’ म्हणून चकचकीत प्लॅस्टिकमध्ये दिसला, तर ते प्लॅस्टिक नंतर कुणीतरी चढवलेलं आहे एवढं नक्की. प्रश्न फक्त कुणी आणि कशासाठी हा. अनोळखी प्लॅस्टिकपेक्षा मला उघडा बॉक्स बरा वाटतो, कारण त्यातले पॅक तरी बघता येतात.

प्लॅस्टिक चढवणाऱ्यांत एक नाव या बाजारात वजन राखून आहे: इंडियानातलं बेसबॉल कार्ड एक्स्चेंज, म्हणजे बीबीसीई. ते बॉक्स तपासून स्वतःच्या खुणेच्या श्रिंक-रॅपमध्ये बंद करतात. बॉक्स त्यांच्यासमोर सीलबंद केसमधून, म्हणजे अनेक बॉक्स असलेल्या कारखान्याच्या पेटीतून, निघाला असेल तर तशी नोंद असते. बाजारात तिला ‘एफएएससी’ म्हणतात, म्हणजे ‘फ्रॉम अ सील्ड केस’. सुट्या पॅकसाठी पीएसए ही कार्डं तपासून दर्जा ठरवणारी कंपनी आहे. ते लोक पॅक कडक प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून त्याला क्रमांक देतात आणि तो त्यांच्या साइटवर पडताळता येतो. हजार डॉलरच्या वरच्या व्यवहारात मी यापैकी एक असल्याशिवाय पुढे जात नाही. तरीही ही हमी अंतिम धरू नये. जानेवारी २०२२ मध्ये यूट्यूबर लोगन पॉलने ३५ लाख डॉलरना घेतलेली पोकेमॉन कार्डांची केस उघडली गेली आणि आत जी. आय. जो या दुसऱ्याच मालिकेची कार्डं निघाली. ती केस बीबीसीईने तपासलेली होती. बाहेरची केस बंद राहिली की तपासणाराही बाहेरच्याच खुणांवर अवलंबून असतो. शिवाय त्यांच्या श्रिंक-रॅपच्या गुंडाळीची नक्कलही होते. म्हणून प्रमाणित बॉक्स घेतानाही मी मूळ खरेदीची पावती मागतो आणि गुंडाळीच्या जोडाचे जवळून काढलेले फोटो मागतो.

पॅकचा प्रकार बदलला की धोका बदलतो. सेलो पॅक पारदर्शक असतो, त्यात वरचं आणि खालचं कार्ड दिसतं. हेंडरसन वर दिसणाऱ्या सेलो पॅकला वेगळीच किंमत येते, त्यामुळे तिथे आतलं कार्ड वर आणून नव्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळण्याचे प्रकार होतात. आजच्या श्रिंक फिल्मला हवा जाण्यासाठी बहुधा बारीक भोकं असतात. जुन्या सेलो पॅकवर ती दिसली तर तिथेच थांबावं. रॅक पॅकमध्ये तीन कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यातली बाहेरची कार्डं दिसतात. त्याला कुणी उघडायचीही गरज नसते. चांगले खेळाडू दिसणारे पॅक आधीच वेचून घेतलेले असतात आणि उरलेले ‘अनसर्च्ड’ (न चाळलेले) म्हणून विकले जातात. पॅक अस्सल, पण बॉक्स चाळलेला. व्हेंडिंग बॉक्स मी ऑनलाइन घेतच नाही: साध्या खोक्यात ५०० सुटी कार्डं, ना वेष्टन ना सील. पुढच्या काळातल्या फॉइल पॅकमध्ये, म्हणजे अपर डेक कंपनीच्या १९८९ सालच्या संचात किंवा तिच्याच १९९३ सालच्या एसपी संचात, दोन्ही टोकांच्या दाबाच्या रेघा बघाव्यात. त्या दुहेरी असतील किंवा मध्ये गोंद चमकत असेल तर पॅक उघडलेला आहे. १९८७ ते १९९३ या काळातले बहुतेक बॉक्स इतके प्रचंड छापले गेले की त्यात फसवणूक करणं कुणाला परवडत नाही. तिथे टपालखर्चच बऱ्याचदा आतल्या कार्डांच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

जाहिरात वाचताना मी बॉक्सआधी विक्रेत्याचा विकलेल्या वस्तूंचा इतिहास उघडतो. त्याच संचाची सुटी महागडी कार्डं, त्याच सालची रिकामी वेष्टनं किंवा सुटे पॅक तो नियमित विकत असेल, तर त्याच्याकडचा ‘बंद’ बॉक्स मी घेत नाही. ‘आजोबांच्या कपाटात सापडला’, ‘मला यातलं काही कळत नाही’, ‘परत घेतला जाणार नाही’ ही तीन वाक्यं एकत्र आली की पुढे वाचायचं कारण उरत नाही. किंमत बाजारभावापेक्षा तीस-चाळीस टक्के कमी असेल तर कारण शोधावं. बंद बॉक्सचे जाणकार भरपूर आहेत, आणि स्वस्त अस्सल माल त्यांच्या नजरेतून सहसा सुटत नाही.

फोटो मागताना मोघम मागू नये. मी असे मागतो: बॉक्सच्या सहाही बाजू, झाकण उघडून वरून सगळे पॅक, मग पॅक बाहेर काढून पाठीमागचे जोड दिसतील अशा रांगा, म्हणजे सगळे ३६, आणि मी सांगेन त्या पाच पॅकच्या जोडांचे जवळून फोटो, खिडकीच्या तिरप्या उजेडात. समोरून फ्लॅश मारला की घडीच्या रेघा नाहीशा होतात, तिरप्या उजेडात त्या सावलीसह दिसतात. सोबत त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगतो. प्रामाणिक विक्रेत्याचं हे अर्ध्या तासाचं काम आहे, आणि तो ते करतो. टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच संपवतो.

पैसे क्रेडिट कार्डावर किंवा पेपॅलच्या ‘गुड्स अँड सर्व्हिसेस’मधूनच. ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ने किंवा झेलने (बँकेतून थेट पैसे पाठवण्याची अमेरिकी सेवा) पाठवा, थोडे कमी करतो, असं कुणी म्हटलं की ते कमी केलेले पैसे म्हणजे आपल्या संरक्षणाची किंमत. या दोन्ही मार्गांत खरेदीदाराला दाद मागता येत नाही. ईबेच्या हमीत वस्तू मिळाल्यापासून साधारण ३० दिवसांत तक्रार करावी लागते, पेपॅलमध्ये पैसे दिल्यापासून १८० दिवसांत. साइटबाहेर व्यवहार करू नये. पाठवणीबद्दल दोन गोष्टी आधीच लिहून घ्याव्यात: बॉक्सला थेट चिकटपट्टी लावायची नाही, आणि तो दुसऱ्या मोठ्या खोक्यात चहूबाजूंनी भरण घालूनच पाठवायचा. जुलै-ऑगस्टमध्ये ॲरिझोना, टेक्साससारख्या भागातून वॅक्स मागवू नये. तापलेल्या ट्रकमध्ये चांगले जोडही सुटतात, आणि मग ते कुणी सोडले यावर वाद होतो.

पुण्या-मुंबईतून मागवणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. अमेरिकेतल्या फॉरवर्डरच्या (पार्सल घेऊन पुढे पाठवणाऱ्या कंपनीच्या) पत्त्यावर मागवून तिथून पुढे भारतात आणलेल्या वस्तूला ईबेची हमी लागू राहत नाही. न्यू जर्सीत किंवा बे एरियात मावशी-काका असतील तर पार्सल त्यांच्याकडे जाऊ द्या आणि तपासणी तिथेच, मुदतीच्या आत, करून घ्या. त्यांना काय बघायचं हे फोटोंसह आधी कळवा. तिथून निघालेल्या वस्तूबद्दल नंतर केलेली तक्रार टिकत नाही.

पार्सल आलं की उघडण्याआधी कॅमेरा सुरू. पत्त्याचा कागद, वजन, चिकटपट्टी, मग आतला बॉक्स, मग पॅक, हे सगळं न थांबवता एकाच चित्रीकरणात. जाहिरातीतल्या फोटोंशी प्रत्येक पॅक जुळवावा. फाटलेला कोपरा, डाग, सुरकुती या खुणा इथे उपयोगी पडतात. शंका आली तर एकही पॅक उघडू नये. जाहिरातीशी न जुळणारा बॉक्स न उघडलेला असेल तर ईबेच्या हमीत तो परत घेणं विक्रेत्याला सहसा नाकारता येत नाही. उघडलेल्या पॅकबद्दल मात्र तुमचा शब्द विरुद्ध त्याचा शब्द एवढंच राहतं.

उघडायचंच असेल तर आधी दोन-तीन पॅक उघडून थांबावं. गमला टेकलेल्या कार्डावर गमचा ठसा हवा, आणि त्याच आकाराचा. वेष्टनाच्या जोडाला टेकलेल्या कार्डावर मेणाचा डाग बहुधा असतो, आणि तो वेष्टनावरच्या जोडाशी जुळायला हवा. मेणाचा डाग असलेलं कार्ड पॅकच्या मधोमध सापडलं तर कार्डांची जागा कुणीतरी बदलली आहे. गम खाऊ नये, हे लहान मुलं जवळ असतील तर आधीच सांगून ठेवावं. सगळा बॉक्स उघडल्यावर एक हिशेब करावा. नोलन रायन, माइक श्मिट, जॉर्ज ब्रेट, पीट रोझ, रेजी जॅक्सन, जॉनी बेंच ही या संचातली मोठी नावं. यातलं प्रत्येक कार्ड बॉक्समध्ये नसण्याची शक्यता निम्मी धरली, तरी सहाही नसण्याची शक्यता शेकडा दोनच्या आत येते. तेव्हा एकटा हेंडरसन नसणं हे नशीब. ही सहाच्या सहा नावं गायब असणं हा जवळपास पुरावाच.

अस्सल बॉक्समधूनही उत्तम दर्जाची कार्डं कमीच निघतात. छपाई एका बाजूला सरकलेली, कड खडबडीत कापलेली, वर गमचे आणि मेणाचे डाग. पीएसए १० (सर्वोच्च) दर्जाच्या हेंडरसनचा भाव बघून बॉक्सची किंमत ठरवणं म्हणूनच चुकीचं. तेवढंच कार्ड हवं असेल तर प्रमाणित सुटं कार्ड घेणं स्वस्त पडतं.

बंदच ठेवायचा असेल तर बॉक्स आडवा, वर वजन न ठेवता, घरातल्या थंड आणि कोरड्या कपाटात ठेवावा. पोटमाळा आणि तळघर दोन्ही टाळावीत. तपासणीसाठी बीबीसीईकडे पाठवायचा असेल तर आधी स्वतः प्लॅस्टिक चढवू नये. जाहिरातीची प्रत, विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार, पावती आणि चित्रीकरण एका फोल्डरमध्ये ठेवावं आणि बॉक्स विकताना ते सगळं पुढच्या माणसाला द्यावं.