दुसरी सही

गेल्या महिन्यात शेजारच्या चाचीच्या मुलीची दुसरी सही होती. गोव्याबाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे लग्न आधी सिव्हिल रजिस्ट्रारच्या ऑफिसात होतं, पहिली सही म्हणजे आम्ही लग्न करणार असं कळवणं, मग काही दिवस कुणाची हरकत येते का ते बघतात, आणि मग दुसरी सही, ती झाली की कायद्याने नवरा-बायको. हिंदू असो नाहीतर मुसलमान, इथे जायचंच. निकाह आणि बिर्याणी त्यांची त्यांची वेगळी.

रिक्षात चाचीने मला हळूच विचारलं, "बाय, खरेंच अर्दें तिचें?"

खरंच. 1867 चा पोर्तुगीज सिव्हिल कोड, 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही चालू राहिलेला. लग्नाआधी नोटरीकडे वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता एकत्र धरतात आणि त्यातला अर्धा हिस्सा बायकोचा, आणि तिच्या संमतीशिवाय नवऱ्याला घर विकता येत नाही. मुलगा-मुलगी दोघांना सारखा वाटा. 1937 चा शरियत कायदा इथे लागूच झाला नाही. गोव्यात नोंदलेल्या लग्नातल्या मुसलमान पुरुषाला दुसरी बायको करता येत नाही हे सुप्रीम कोर्टानेही 2019 च्या एका निकालात म्हटलंय. (1880 च्या हिंदूंसाठीच्या नियमांत मात्र बायकोला अमुक वयापर्यंत मूल नाही किंवा मुलगा नाही तर दुसरं लग्न करायची सवलत होती. हे आमच्यात कुणी बोलत नाही.)

चाचीच्या त्या प्रश्नाने मी अडले, कारण एमएला सोशिऑलॉजी घेतल्यापासून मी मुस्लिम समाजातल्या बायकांवर जे वाचत आले त्यात बहुतेक वेळ माझं लक्ष बुरख्यावरच असायचं, आणि ही पंचवीस वर्षं माझ्या शेजारी राहणारी बाई विचारतेय घराच्या अर्ध्या हिश्श्याचं.

बुरख्याचा हा नाद कुठून आला ते लैला अहमद यांनी फार नीट उलगडून दाखवलंय. त्या मूळच्या इजिप्तच्या, हार्वर्डला शिकवायच्या. 1883 ते 1907 इजिप्तवर ब्रिटिशांच्या वतीने लॉर्ड क्रोमरचा अंमल होता. हा माणूस म्हणायचा की इस्लाममध्ये बायकांना मान नाही, बुरखा सुटल्याशिवाय हा देश सुधारणार नाही. पण त्याच्याच कारभारात शाळांची फी वाढली आणि मुलींचं शिक्षण अडलं, आणि इंग्लंडला परत गेल्यावर तोच बायकांना मताचा हक्क देऊ नये म्हणणाऱ्या लीगचा पुढारी झाला! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक बंद करून बाल्कनीत जाऊन उभी राहिले, खरं सांगते. आपल्या घरातल्या बाईला मत नको आणि दुसऱ्याच्या घरातल्या बाईचा उद्धार करायचा. आणि त्याची दुसरी बाजू अशी की साहेब बुरख्याच्या विरुद्ध म्हणून मग बुरखा हीच आपली अस्मिता, म्हणजे दोन्हीकडून ओझं बाईच्याच डोक्यावर.

इराणचं बघा. 1936 मध्ये रेझा शाहने चादरीवर बंदी घातली, पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरून ती ओढून काढायचे आणि कितीतरी जणींनी बाहेर पडणंच सोडलं. मग 1979 ची क्रांती आणि 1983 पर्यंत हिजाब सक्तीचा. 2022 च्या सप्टेंबरमध्ये महसा अमिनी 22 वर्षांची, हिजाब नीट नाही म्हणून पकडली आणि कोठडीत असताना गेली. कपड्याच्या बाबतीत दोन्ही हुकूम उलटे, पण हुकूम देणारा प्रत्येक वेळी सरकारच.

ट्युनिशियात 1956 मध्ये तिथला पुढारी बोर्गीबा याने एकापेक्षा जास्त बायका करायला बंदी घातली, मोरोक्कोत 2004 मध्ये मुलींच्या लग्नाचं वय 18 केलं, पाकिस्तानात 1988 मध्ये बेनझीर पंतप्रधान झाल्या. म्हणून 'मुस्लिम देशांत असंच असतं' हे वाक्य मला आता सहन होत नाही. कुठल्या देशात, कुठल्या साली, कुणाच्या राज्यात ते आधी सांगा.

फातिमा मेरनिसी मला सगळ्यात जवळची वाटते. समाजशास्त्रज्ञ, मोरोक्कोची, फेझ शहरातली. तिने दुकानदाराला विचारलं की बाई मुसलमानांची नेता होऊ शकते का, तर शेजारच्या गिऱ्हाइकाने लगेच हदीस, म्हणजे पैगंबरांचं म्हणून सांगितलेलं वचन, ऐकवली, जे लोक आपला कारभार बाईच्या हाती देतात त्यांचं कधी भलं होत नाही. दुसरं कुणी गप्प बसलं असतं. ही जुने ग्रंथ घेऊन बसली, ही हदीस कुणी सांगितली, अबू बकरा नावाच्या माणसाने, कधी सांगितली, पैगंबर जाऊन पंचवीसेक वर्षं झाल्यावर, पैगंबरांची बायको आयेशा 656 ची, मुसलमानांच्या आपसातली, उंटाची लढाई हरल्यानंतर. शिवाय खोट्या साक्षीबद्दल त्याला फटक्यांची शिक्षा झालेली. पारंपरिक उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, तिचं म्हणणं मान्य नाही, ते ठीक, पण तिने धर्माच्या आत उभं राहून त्यांच्याच नियमांनी पुरावा मागितला हे मला महत्त्वाचं वाटतं.

सबा महमूद यांनी मात्र मला त्रास दिला. मानववंशशास्त्रज्ञ, जन्म पाकिस्तानातल्या क्वेट्टाचा, नव्वदच्या दशकात कैरोच्या मशिदींमध्ये धर्म शिकणाऱ्या बायकांबरोबर राहून त्यांनी अभ्यास केला, आणि विचारलं की बाईचं कर्तेपण फक्त बंडातच दिसतं असं कुणी ठरवलं, स्वतःला मन लावून घडवणाऱ्या श्रद्धाळू बाईला तुम्ही फसलेली का म्हणता. मला हे अजून पूर्ण पटत नाही. पण चाची पहाटे नमाजला उठते तेव्हा तिच्या खिडकीतला दिवा बघून मी पूर्वी जे मनात म्हणायचे ते आता म्हणत नाही.

आपल्याकडे चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई होते. 18 एप्रिल 1966 ला सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर नेला, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा म्हणून. सातच! त्या रस्त्यावर चालताना त्यांना काय काय ऐकावं लागलं असेल. आणि मग शाहबानो, इंदूरची म्हातारी बाई, महिना 179 रुपये 20 पैसे पोटगीसाठी भांडली, 1985 ला सुप्रीम कोर्टात जिंकली, आणि एवढा दबाव आला की शेवटी तिनेच तो निकाल नको म्हटलं. 1986 ला सरकारने कायदाच फिरवला. त्या सगळ्या गोंगाटात दोन्ही बाजूंना मतं दिसत होती, ती बाई कुणाला दिसली?

डेनिझ कांदियोती या तुर्की विदुषीने 1988 मध्ये 'पितृसत्तेशी सौदा' अशी कल्पना मांडली. म्हणजे बाईला नियम अन्यायाचे आहेत हे कळतं, पण तेच पाळून म्हातारपणी जो आधार आणि मान मिळणार तो जाईल या भीतीने ती ते सोडत नाही. हे वाचताना मला कैरो किंवा इस्तंबूल आठवलं नाही. आईबाबा गेल्यावर भावाने कागद पुढे केला, हक्क सोडल्याचा, आणि मी नोटरीकडे जाऊन सही करून आले. कायद्याने माझा सारखा वाटा होता. पण गणपतीला माहेरी जायचं होतं, दार उघडं राहायला हवं होतं. गोव्यात अशा सह्या किती बहिणी करतात ते इथल्या कुणालाही विचारा, धर्म कुठलाही असो. त्या दिवसाचा मला अजून राग आहे, भावाचाही आणि स्वतःचाही.

म्हणून रिक्षात मी चाचीला नुसतं "हो" म्हटलं नाही. सांगितलं की कायद्याने अर्धं तिचं आहे, पण उद्या कुणी कागद पुढे केला तर वाचल्याशिवाय सही करू देऊ नका, मी केली होती. ती माझ्याकडे बघत राहिली. ऑफिसात मुलीने सही केली, जावयाने केली, साक्षीदारांनी केली, कारकुनाने शिक्का मारला. चाचीने तो कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, यात अर्ध्याचं कुठे लिहिलंय?

मी म्हटलं, वेगळा करार केला नाही म्हणून काही लिहिलेलं नाही, आणि लिहिलेलं नाही म्हणूनच अर्धं.

"म्हणजे न लिहिलेलंच बरं," ती म्हणाली, आणि खाली येऊन झेरॉक्सच्या दुकानात दोन कॉप्या काढल्या. एक मुलीला दिली. दुसरी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.