गुडघा कुरकुरतो, पण चालतो

जिना चढताना फारसा त्रास नव्हता, उतरताना मात्र उजव्या गुडघ्यात अशी कळ यायची की कठडा दोन्ही हातांनी धरून मी आडवी होऊन एकेक पायरी उतरायचे. सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं पाय आखडलेला. उठता-बसता कटकट आवाज, तो वेगळाच.

एक्स-रे काढला. ग्रेड ३, म्हणजे सांध्याची मध्यम झीज, सांध्यातली फट कमी झालेली. वय ५७. मी मनाशी हिशोब मांडला: गादी झिजली आहे, तर उरलीसुरली जपून वापरायची. जिना बंद, फिरणं बंद, रात्री गुडघ्याखाली उशी. चार महिन्यांत वजन तीन किलोंनी वाढलं, उजवी मांडी डावीपेक्षा बारीक दिसायला लागली आणि दुखणं होतं तिथेच राहिलं. उशीमुळे तर गुडघा पूर्ण सरळ होणंही कमी झालं.

फिजिओथेरपिस्ट माझ्या मुलीच्या वयाची. तिने गुडघा नंतर पाहिला, आधी टेपने दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. उजवीत दीड सेंटिमीटरची तूट. मग हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजलं. सहा वेळा. "काकू, मला एक्स-रेपेक्षा हा आकडा महत्त्वाचा," ती म्हणाली.

तिने सांगितलं ते असं. कूर्चेत, म्हणजे सांध्यातल्या त्या गादीत, रक्तवाहिन्या नसतात. पायावर भार येतो आणि जातो, तशी ती स्पंजासारखी दबते, सुटते आणि सांध्यातल्या द्रवातून पोषण घेते. म्हणजे जपण्याच्या नादात मी तिला उपाशीच ठेवत होते. उतरताना जास्त का दुखतं, तर मांडीचा पुढचा स्नायू तेव्हा शरीराला ब्रेक लावत असतो. तो दुबळा असेल तर धक्का सांध्यावर जातो. व्यायामाने फट परत रुंदावणार नाही, हेही तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्यामुळे माझा तिच्यावर विश्वास बसला.

पहिले दोन आठवडे व्यायाम इतके साधे की मला फसवल्यासारखं वाटलं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती ५ सेकंद खाली दाबायची. पाठीवर झोपून पाय सरळ ठेवून उचलायचा. कुशीवर वळून वरचा पाय उचलायचा, कारण कमरेच्या बाजूचे स्नायू ढिले असले तरी गुडघ्यावर ताण येतो. शेकायचं मशीन लावून पडून राहायला मला खरं तर जास्त आवडायचं, पण ती ते दहा मिनिटांवर लावायची नाही.

खरी गोची झाली तिसऱ्या आठवड्यात. बरं वाटतंय म्हणून मी खुर्चीतून उठण्याचे तीसच्या तीस फेरे एका दमात केले आणि वर तासभर चालून आले. रात्री गुडघा सुजला. झालं, आता कायमचं बिघडलं, या धास्तीने तीन दिवस पाय हलवला नाही. तिला फोन केला तर म्हणाली, बंद कशाला केलंत, निम्मं करा. मग तिने नियम दिला, तो आजही पाळते. दुखणं शून्य ते दहात मोजायचं. व्यायाम करताना चार-पाचपर्यंत गेलं तर चालेल, पण २४ तासांत ते नेहमीच्या पातळीवर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या वेळी फेरे कमी करायचे, सुट्टी घ्यायची नाही. कॅलेंडरवर मी रोज दोन आकडे लिहायला लागले, व्यायामाच्या वेळचा आणि दुसऱ्या सकाळचा. दुखणं म्हणजे इजाच, हे डोक्यातून जायला त्या आकड्यांचा जेवढा उपयोग झाला तेवढा कुठल्याच समजावण्याचा झाला नाही.

किरकोळ गोष्टी बऱ्याच. काठी दुखऱ्या बाजूला नाही, विरुद्ध हातात धरायची. मी महिनाभर उलटी धरत होते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आणि वजन: एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. वाढलेले तीन आणि वरचे दोन, असे पाच किलो उतरायला मला आठ महिने लागले.

बारा आठवड्यांनी परत मोजलं. ३० सेकंदांत बारा वेळा. जिना आता सरळ उतरते, एक हात कठड्यावर ठेवून. उकिडवं बसणं जमत नाही, तो नाद मी सोडला आहे. मध्ये दहा दिवस व्यायाम चुकला तेव्हा सकाळचा आकडा दोनवरून चारवर गेला होता. परवा घरीच मांडीचा घेर मोजला. अजून अर्धा सेंटिमीटर बाकी आहे.