दोन पंप आणि एकच लग

रबाळे एमआयडीसीत आमचं रोजचं काम मोटर स्टार्टरच्या पॅनेलांचं. त्या दिवशी शेजारच्या गाळ्यात एका हौशी मालकाने स्वतः बांधलेल्या दोन आसनी विमानाचं वायरिंग बघायला बोलावलं. तक्रार एवढीच, की इंधनाचं प्रेशर मधूनच 3 बारच्या खाली उतरतं.

इंजिन इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं. इंजिनच्या फिरण्यावर चालणारा इंधनपंप त्याला नाहीच. इलेक्ट्रिक पंप दोन, एक चालता आणि एक राखीव. दोन्ही थांबले की इंजिन बंद.

पंपाचा कनेक्टर काढून मीटर लावला, 12.6 व्होल्ट. इथेच भलेभले फसतात, कारण लोड नसेल तर कुजका जॉइंटही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मग पेट्रोलची वाफ साचू नये म्हणून गाळ्याचं शटर पूर्ण वर केलं, टाकीत पेट्रोल आहे ना ते पाहिलं (पंपाचं वंगण पेट्रोलच, कोरडा फिरवायचा नाही) आणि पंप चालवून मोजलं. बॅटरीवर 12.4, पंपावर 10.7. करंट 6 अँपिअर. बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत 0.4 व्होल्ट पडत होते. 18 गेजची 3 मीटर वायर म्हटल्यावर तेवढे जायचेच. मायनसच्या बाजूला मात्र 1.3! दोन्ही पंपांची अर्थिंग एकाच बोल्टाखाली, तीही रंगावर कसलेली. बोल्टाला बोट लावलं तर चक्क कोमट. लागणारच, तिथे जवळजवळ 8 वॉट जळत होते.

मग स्विचकडे वळलो. वर मेन, खाली राखीव, मध्ये ऑफ असा एकच टॉगल, म्हणजे दांडीचा स्विच. मधल्या पत्तीवरचा लग, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं टोक, दोन बोटांनी हलवला आणि पंप गप्प. टॉगल खाली केला, तरी गप्पच. लग पकडीने चेपलेला होता, दातांचे वळ दिसत होते.

मालक म्हणाले, "अहो, दोन्ही एकदम चालू नकोत म्हणून मुद्दाम एकच स्विच ठेवलाय."

पण एकदम चालले तर बिघडतं काय? जादा इंधन रेग्युलेटरमधून, म्हणजे प्रेशर ठरावीक ठेवणाऱ्या झडपेतून, टाकीत परत जातं. उलट पंप बदलताना आधी राखीव चालू करून मगच मेन बंद करायचा, आणि या टॉगलला तर मधल्या ऑफवरूनच जावं लागतं.

बॅटरी सोडवली आणि सगळं वेगळं केलं. दोन साधे ऑन-ऑफ स्विच, दोन 10 अँपिअरचे फ्यूज. राखीव पंपाचा फीड थेट बॅटरीजवळून. अर्थिंगला दोन बोल्ट, खाली रंग खरवडून चकचकीत धातू. लग रॅचेट क्रिंपरनेच (पूर्ण दाबल्याशिवाय न सुटणारी खास पक्कड) दाबले, सोल्डर नाही. सोल्डर जिथे संपतं तिथेच वायर थरथरून तुटते. पंप ब्रशवाले, म्हणून प्रत्येकावर 1एन5404 डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), त्यावरची पट्टी प्लसकडे. उलटा लागला तर स्विच दाबताच फ्यूज जातो. डायोड नसला की बंद करताना ठिणगी पडून स्विचचे काँटॅक्ट जळतात. जुना स्विच उघडला तर आत काळा खड्डा पडलेला होताच.

20 मिनिटं पंप चालवून पुन्हा मोजलं. मायनसला 0.05. मेनचा फ्यूज उपटला, राखीव चालूच. प्रेशरचा काटा जागचा हलला नाही.