मंदीत एम्ब्रेअरने जास्त विमानं विकली म्हणे, बघू या खरं काय ते

२००९ साली बिझनेस जेट, म्हणजे कंपन्यांची आणि श्रीमंतांची खासगी विमानं, घेणारा माणूस जगात शोधून सापडत नव्हता, आणि त्याच वर्षी ब्राझीलच्या एम्ब्रेअरने आदल्या वर्षापेक्षा चाळीस विमानं जास्त डिलिव्हर केली. २००८ ला २०४, २००९ ला २४४. कंपनीचा तोवरचा सगळ्यात मोठा आकडा. मला असले जुने अॅन्युअल रिझल्ट काढून वाचायची खोड आहे, शेअर घ्यायचे नसले तरी, आणि हे वर्ष वाचताना लय मजा आली कारण वरवर बघितलं तर वाटतं काय कंपनी आहे राव, सगळे बुडतायत आणि ही वर चाललीये. आणि मग दोन ओळी खाली जाऊन बघितलं की कळतं की त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत त्यांनी साधारण ४,२०० लोक घरी बसवले होते, म्हणजे पाचातला एक.

एम्ब्रेअर आपल्याला तशी अनोळखी नाही. आपल्या एअर फोर्सची व्हीआयपींना नेणारी छोटी जेट आहेत ना, ती त्यांच्या लेगसी ६०० ची भावंडं, आणि डीआरडीओचं नेत्र हे टेहळणी विमान पण त्यांच्याच १४५ या विमानावर बसवलेलं आहे. १९६९ ला सरकारी कंपनी म्हणून सुरू झाली, १९९४ ला खासगी झाली, साओ जोसे दोस काम्पोस या गावात मुख्य कारखाना. धंदा मुख्यतः ७० ते १२० सीटची एअरलाइनची विमानं. बिझनेस जेटमध्ये ते तसे उशिरा आले, आधी एअरलाइनच्याच विमानाला आतून सोफे लावून लेगसी केलं, आणि मग २००५ ला जाहीर केलं की आता आम्ही अगदी छोटं जेट शून्यापासून बनवणार. तेच फेनॉम १००.

या फेनॉमबद्दल जरा सांगतो कारण सगळी गोम त्यातच आहे. चार माणसं समोरासमोर बसतील एवढी केबिन, पुढे कॉकपिट (एक पायलट पण चालतो, तसं सर्टिफिकेशन आहे), मागे छोटं टॉयलेट. केबिनची उंची दीड मीटर, म्हणजे आपल्यासारखा सरासरी माणूस आत सरळ उभा राहू शकत नाही, वाकूनच जायचं. पण आतलं डिझाइन बीएमडब्ल्यूच्या डिझाइन कंपनीकडून करून घेतलेलं, इंजिनं प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची, आणि किंमत तीस-पस्तीस लाख डॉलरच्या आसपास. जेटच्या दुनियेत हे स्वस्त. ज्याचा बऱ्यापैकी चालणारा धंदा आहे, चार गावांत ब्रँच आहेत, त्याला पहिल्यांदाच वाटायला लागलं की आपणही जेट घेऊ शकतो. २००५ ते २००७ पैसा स्वस्त होता, बँका कर्ज द्यायला बसल्याच होत्या, धडाधड बुकिंग झाली.

आता बुकिंग म्हणजे काय ते समजून घ्या. तुम्ही डिपॉझिट भरता, तुम्हाला स्लॉट मिळतो, म्हणजे अमुक वर्षाच्या अमुक महिन्यातलं विमान तुमचं. मग तारीख जवळ येत जाते तसे हप्ते भरायचे, आणि सगळ्यात मोठी रक्कम विमान ताब्यात घेताना. तेजीत लोक नुसते स्लॉट घेऊन जास्त भावाने विकत होते, आपल्याकडे अंडर कन्स्ट्रक्शन फ्लॅटचं जे चालायचं तेच. आणि पत्रकारांना जो आकडा मिळतो तो डिलिव्हरीचा. म्हणजे २००९ मध्ये जे विमान गेलं ते २००९ ची मागणी दाखवतच नाही, ते दोन-तीन वर्षांपूर्वीचा मूड दाखवतं.

फेनॉम १०० ला सर्टिफिकेट मिळालं डिसेंबर २००८ मध्ये. टायमिंग बघा! लेहमन ही अमेरिकन बँक बुडून तीन महिने झाले होते. त्या वर्षी जेमतेम दोन विमानं गेली आणि २००९ ला ९७. म्हणजे ती चाळीस विमानांची वाढ आहे ना, ती सगळी फेनॉमची आहे, उलट एअरलाइनची विमानं १६२ वरून १२५ वर आली. आणि विमानं जास्त गेली तरी पैसा कमी आला, कारण एअरलाइनच्या एका मोठ्या विमानाच्या कॅटलॉगमधल्या किमतीत दहाएक फेनॉम येतात. कंपनीचा महसूल सहा अब्ज डॉलरच्या वरून साडेपाच अब्जांवर घसरला. मोजून दाखवायला २४४ छान वाटतं, गल्ल्यात मात्र कमीच.

खरी गंमत ऑर्डरबुकात आहे. २००८ च्या शेवटी हातात २०.९ अब्ज डॉलरच्या ऑर्डरी, २००९ च्या शेवटी १६.६. म्हणजे वर्षभरात साडेपाच अब्जांचा धंदा झाला आणि ऑर्डरबुक सव्वाचार अब्जांनी आटलं, तर नवीन आलेल्यातून रद्द झालेलं वजा करून उरलं फार तर सव्वा अब्ज. सर्व्हिस आणि पार्टचा पैसा ऑर्डरबुकात धरत नाहीत त्यामुळे खरं तर त्याहूनही कमीच असेल. पाऊस नाही आणि कणगीतलं धान्य काढून सणाचं जेवण घातलं, असं ते वर्ष. जेवणारे म्हणाले घर सुखी आहे.

मॅनेजमेंटला हे माहीत नव्हतं असं नाही, म्हणून तर फेब्रुवारीतच लोक काढले. त्याच दिवशी वर्षाचं टार्गेटही खाली आणून २४२ केलं, आणि वर्षअखेरीस २४४ दिली म्हणजे टार्गेट पार केलं असं म्हणायला मोकळे. ब्राझीलमध्ये मोठा गदारोळ झाला, राष्ट्राध्यक्ष लुला स्वतः कामगार चळवळीतून आलेला माणूस, त्यांनी कंपनीच्या लोकांना बोलावून घेतलं, युनियन लेबर कोर्टात गेली, काही दिवस स्थगितीही मिळाली, पण नोकऱ्या गेल्या त्या गेल्याच. मला यात मॅनेजमेंटला व्हिलन ठरवायचं नाही, पुढे दोन वर्षं काम कमी होणार हे आकड्यांत दिसत होतं. पण मग तेच वर्ष "मंदीतही विक्रमी डिलिव्हरी" म्हणून मिरवायचं हे जरा जास्त होतं.

आता अमेरिकेत विचिटाला बघा काय झालं. कॅन्सस राज्यातलं हे शहर म्हणजे छोट्या विमानांची राजधानी, सेस्ना तिथलीच. सेस्नाने २००८ मध्ये ४६७ सायटेशन जेट दिली, २००९ मध्ये २८९, २०१० मध्ये १७९. दोन वर्षांत चाळीस टक्क्यांच्याही खाली. निम्म्याच्या आसपास लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि कोलंबस नावाचं मोठं जेट २००८ ला वाजतगाजत जाहीर केलेलं ते जुलै २००९ मध्ये कायमचं बंद. शेजारच्या हॉकर बीचक्राफ्टवर तर २००७ ला कंपनीच विकत घेताना काढलेलं कर्ज होतं, २०१२ ला दिवाळखोरीत गेली आणि शेवटी २०१४ ला सेस्नाच्याच मालकाने, टेक्सट्रॉनने, विकत घेतली. एक्लिप्स नावाची नवी कंपनी, जी फेनॉमपेक्षाही छोटं जेट विकत होती, ती तर नोव्हेंबर २००८ मध्येच दिवाळखोरीच्या कोर्टात पोचली होती. जगभरात २००८ ला तेराशेच्या वर बिझनेस जेट गेली होती, २००९ ला नऊशेच्या आत, २०११ ला सातशेच्याही आत.

आणि नुसती मंदी असती तर एक वेळ चाललं असतं, त्यात इभ्रतीचा प्रश्न झाला. नोव्हेंबर २००८ मध्ये जीएम, फोर्ड आणि क्रायस्लर या तिन्ही कार कंपन्यांचे साहेब सरकारकडे मदत मागायला वॉशिंग्टनला गेले, आणि तिघे आपापल्या खासगी जेटने! तिथे एका खासदाराने विचारलं की साध्या विमानाने कोण आलंय त्याने हात वर करा, एकाचाही हात वर नाही. पुढच्या सुनावणीला बिचारे डेट्रॉइटहून गाडीने आले. त्यानंतर कुठल्या बोर्डाची हिंमत होणार जेट घ्यायची, सिटीबँकवाल्यांनी तर ऑर्डर केलेलं फाल्कन, म्हणजे फ्रान्सच्या दसॉ कंपनीचं जेट, जानेवारी २००९ मध्ये रद्द केलं. जुन्या जेटचा बाजार इतका भरला की जगातल्या एकूण जेटपैकी सतराएक टक्के विक्रीला होती. निम्म्या किमतीत जवळपास नवं जेट मिळत असेल तर नवं कोण घेईल.

यात मार सगळ्यांना सारखा बसला नाही हेही लक्षात घ्या. पाच-सहा कोटी डॉलरचं गल्फस्ट्रीमसारखं मोठं जेट घेणाऱ्याला बँकेची गरज नसते, तो फार तर थांबतो. छोटं जेट घेणारा मात्र कर्जावर आणि स्वतःच्या धंद्याच्या नफ्यावर चालतो, तो पहिला आडवा होतो. म्हणजे मंदीत सगळ्यात नाजूक जो सेगमेंट त्यातच एम्ब्रेअर नवीन दुकान टाकून बसली होती.

बिल आलंच, फक्त उशिरा आलं. फेनॉम १०० : २००९ ला ९७, २०१० ला १००, २०११ ला ४१, २०१२ ला २९. जुनी बुकिंग संपली आणि नवं गिऱ्हाईक नाही. त्यातही वाईट म्हणजे २०११ मध्येच त्यांनी अमेरिकेत फ्लोरिडातल्या मेलबर्नला फेनॉमसाठी नवा कोरा असेंब्ली प्लांट उघडला, जो ठरला होता तेजीत.

मग कंपनी तरली कशावर? माझ्या मते दोन गोष्टी. एक म्हणजे एअरलाइनचा धंदा होता, तो मंद का होईना चालू राहिला, एक्लिप्सकडे असं काहीच नव्हतं. आणि दुसरं फेनॉम ३००, फेनॉम १०० चा मोठा भाऊ. याचं पहिलं विमान डिसेंबर २००९ मध्ये गेलं, म्हणजे ऐन मंदीत डेव्हलपमेंटचा खर्च चालू ठेवला होता. ऑक्टोबर २०१० मध्ये नेटजेट्सने, म्हणजे वॉरन बफेट यांच्या कंपनीने, ५० फेनॉम ३०० ची ऑर्डर दिली आणि वर ७५ चे ऑप्शन, म्हणजे वाटलं तर पुढे घ्यायचा हक्क. नेटजेट्स जेट हिश्शाहिश्शाने विकते, ती शंभर ठिकाणी हिशोब लावून मगच विमान घेते, त्यामुळे बाजारात त्या ऑर्डरचं वजन पडलं. २०१२ पासून हे वर्षानुवर्षं जगातलं सगळ्यात जास्त खपणारं लाइट जेट आहे. सेस्नाने कोलंबस मारलं आणि यांनी ३०० चालू ठेवलं, माझ्या लेखी त्या वर्षाची कामगिरी ही. २४४ नव्हे.

हे सगळं आत्ता उकरायचं कारण म्हणजे आपलं नागपूर. जून २०२५ मध्ये दसॉ आणि अनिल अंबानींच्या रिलायन्सने जाहीर केलं की फाल्कन २००० एलएक्सएस हे बिझनेस जेट नागपूरला मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या औद्योगिक भागात, असेंबल होणार, पहिलं विमान २०२८ पर्यंत. फाल्कनचे नाकाचे भाग तिथे आधीपासून बनतात, त्यामुळे हे हवेतलं नाही. फक्त पुढच्या वेळी पेपरात "नागपुरातून इतकी विमानं बाहेर पडली" अशी हेडलाइन आली तर मी आधी बघणार की त्या वर्षी ऑर्डर किती आल्या, आणि मिहानमध्ये भरती चालू आहे का.